आयर्लंड : गाडीने, गावागावांतून, सावकाश

आडवाट

आयर्लंडला निघालेल्या ओळखीतल्या कुणाचाही आराखडा उघडा, तो साधारण एकच असतो. डब्लिनला उतरायचं, मोहरचे कडे, गॉलवे, किलार्नी, रिंग ऑफ केरी, ब्लार्नीचा किल्ला आणि परत डब्लिन. आठवड्यात अख्खा देश. नकाशावर हा देश महाराष्ट्राच्या पाव भागाएवढाही भरत नाही, त्यामुळे हे सहज जमेल असं वाटतं, आणि जमतंही. पण तिथलं जे खरं बघण्यासारखं आहे ते दोन 'पॉइंट्स'च्या मधल्या रस्त्यावर असतं. तिथेच आपण घाईत असतो.

आम्ही दोघं नैऋत्य आणि पश्चिम किनाऱ्याला फिरून आलो. त्यावरून माझं ठाम मत सांगते : मुक्काम दोनच ठेवा, दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर गाडी चालवू नका, आणि एका दिवशी एकच द्वीपकल्प घ्या. तिथे रस्त्यांच्या नंबरांआधी एक अक्षर असतं. एम म्हणजे मोटरवे, एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, आर म्हणजे प्रादेशिक, एल म्हणजे स्थानिक. सुट्टी आर आणि एलवर घालवायची, एवढं धरून चाललात तरी पुष्कळ झालं.

पहिला मुक्काम आम्ही केनमेअरला केला. किलार्नीत हॉटेलं ढिगाने आहेत, पण गर्दीही तितकीच. केनमेअर १६७० साली वसवलेलं टुमदार गाव आहे, दोन द्वीपकल्पांच्या मधल्या खाडीच्या आतल्या टोकाशी. बाजारपेठेतून पाचसात मिनिटं चाललं की पंधरा दगडांचं प्राचीन वर्तुळ लागतं. संध्याकाळी तिथे आम्ही दोघंच असायचो.

केनमेअरच्या उत्तरेला प्रसिद्ध रिंग ऑफ केरी, म्हणजे द्वीपकल्पाभोवतीची रस्त्याची फेरी, साधारण १७९ किलोमीटरची. दक्षिणेला बेअरा द्वीपकल्प. सगळ्या टूर बस पहिलीकडे जातात, कारण बेअराच्या रस्त्यांवर मोठ्या बसचा निभाव लागत नाही. म्हणूनच तुम्ही बेअराला जा. एका दिवसात ते सगळं फिरता येतं, तरीही दोन दिवस द्या.

आयरीज हे गाव निळ्या, पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या घरांचं आहे. एकाला एक चिकटलेली घरं, आणि मागे समुद्र. तिथून पुढे ॲलिहीजपर्यंतचा रस्ता मला सगळ्या प्रवासात सर्वांत आवडला. वळणामागून वळण, खाली पाणी, मध्येच एखादी मेंढी रस्त्यात बसलेली. ॲलिहीजमध्ये १८१२ पासून तांब्याच्या खाणी चालू झाल्या. डोंगरावर इंजिनघराची दगडी इमारत अजून उभी आहे. कॉर्नवॉलहून आणलेल्या खाणकामगारांसाठी बांधलेल्या प्रार्थनागृहात आता संग्रहालय आहे. खाली जो सुंदर वाळूचा किनारा दिसतो तो मूळचा नाहीच. खाणीत दगड कुटून उरलेला चुरा ओढ्याने वाहत आला आणि त्याची पुळण झाली. खाणींचा धंदा बसला तेव्हा इथली माणसं अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट गावी तांब्याच्याच खाणींत कामाला गेली. संग्रहालयात हे सगळं वाचून मग त्या वाळूवर चालायला गेलो. तोवर नुसता देखणा वाटणारा किनारा त्यानंतर वेगळाच दिसायला लागला.

परतीला हीली पास घ्या. कॉर्क आणि केरी या दोन काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, सीमेवरचा हा घाट. १८४७ मध्ये, ऐन दुष्काळात, उपाशी लोकांना काम म्हणून हा रस्ता काढायला घेतला. पुरा व्हायला १९३१ उजाडलं. वरून दोन्हीकडची पाणी दिसतात आणि त्या वळणांमागे काय आहे हे माहीत असलं की गाडी आपोआप हळू होते.

आता शीप्स हेडबद्दल. बेअराच्या दक्षिणेला हे अरुंद, चिंचोळं द्वीपकल्प आहे. भारतातून जाणाऱ्यांपैकी फार थोडे इकडे वळतात. मला वाटतं प्रत्येकाने वळावं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान बॉम्बस्फोटाने याच किनाऱ्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. ३२९ माणसं गेली. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला, अहाकिस्टा या छोट्याशा गावात समुद्राकाठी स्मारक उभं राहिलं. आत एक सूर्यघटिका आहे, भिंतीवर नावं आहेत. आपल्याकडची, ओळखीची वाटावीत अशी आडनावं एकाखाली एक. बाग नीट राखलेली. दरवर्षी २३ जूनला तिथे नातेवाईक येतात आणि गावकरीही येतात. विमानाशी, त्यातल्या माणसांशी या गावाचा कसलाही संबंध नव्हता. तरी ज्यांची माणसं इथे गेली त्यांच्यासाठी त्यांनी ही जागा आजवर सांभाळली आहे. मी तिथे नावं वाचत बराच वेळ उभी होते.

शीप्स हेडच्या टोकाला गाडीरस्ता संपतो आणि दीपगृहापर्यंत पायवाट जाते. वारा फार असतो, वाऱ्याचं जॅकेट हवंच.

या भागात जुलैपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्युशियाच्या लाल फुलांची कुंपणं असतात, उंच, गाडीपेक्षाही उंच. ऑगस्टमध्ये त्यात नारिंगी मॉन्ब्रेशिया मिसळते. रस्ता एका गाडीपुरता, मधोमध गवताची पट्टी. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याच्यामागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे घ्यायचं. मग जाताना तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, आपणही उचलायचं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिसेल त्याला बोट दाखवत होतो.

दुसरा मुक्काम क्लेअर काउंटीत बॅलीव्हॉनला होता, बरेनच्या चुनखडीच्या माळाला लागून. त्याबद्दल इथे कुणी तिकडचं राहणारं असेल तर त्यांनी लिहावं, ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील.

शमा

आडवाट, फार छान लिहिलंत. मे महिन्यात आईबाबांना घेऊन जायचं चाललंय. दोघंही सत्तरीच्या आसपास, आई पक्की शाकाहारी, अंडं चालतं. बाबांच्या गुडघ्याचं दुखणं आहे. असं सावकाश फिरणं त्यांना मानवेल असं वाटतं, पण खाण्याचं काय करायचं आणि चढउतार किती असतो, हे सांगाल का?

आडवाट

शमा, सावकाश फिरणं त्यांच्यासाठीच आहे.

खाण्याचं आधी. घरगुती बी अँड बीमध्ये, म्हणजे मुक्काम आणि नाश्ता देणाऱ्या घरांत, सकाळचा नाश्ता भरपेट असतो. त्यात सॉसेज, रॅशर (बेकनचे काप) आणि ब्लॅक पुडिंग, व्हाइट पुडिंग येतं. ही दोन्ही पुडिंगं डुकराच्या मांसाची असतात, ब्लॅकमध्ये रक्तही असतं. नाव ऐकून गोड पदार्थ समजू नका. शाकाहारी हवं असं आदल्या रात्रीच सांगून ठेवलं की अंडी, मशरूम, टोमॅटो, बीन्स, टोस्ट आणि ओट्सची गरम लापशी मिळते. दुपारी कुठल्याही गावात सूप आणि सोडा ब्रेड. हा ब्रेड खमिराशिवाय, ताक आणि सोड्यावर फुगवतात, आणि लोण्याबरोबर अप्रतिम लागतो. सूप भाज्यांचं असलं तरी त्यात चिकनचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. चहा आपल्यासारखाच, कडक आणि दूध घातलेला. बाबांना तो नक्की आवडेल.

रात्रीसाठी मी तर स्वयंपाकघर असलेलं कॉटेज सुचवेन. डाळ, तांदूळ, मसाले घरून न्या. तूप, पेढे, पनीर आणि दुधामांसाचं काहीही बॅगेत नको, युरोपियन युनियनच्या बाहेरून ते आणायला बंदी आहे. दिवसभर वाऱ्यात फिरून आल्यावर घरच्या खिचडीने आईंना बरं वाटेल. गावातल्या पबचं स्वयंपाकघर साधारण नऊला बंद होतं, आणि मे महिन्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो. वेळेचं भान सुटतं आणि जेवण हुकतं.

गुडघ्यांसाठी : खोली तळमजल्याची मागा. जुन्या घरांतले जिने अरुंद आणि उभे असतात. बेअराच्या तोंडाशी ग्लेनगॅरिफ गाव आहे, तिथून होडीने गॅरिनिश बेटावर जाता येतं. इटालियन पद्धतीची बाग आहे, आणि वाटेत खडकांवर सील पहुडलेले असतात. सील होडीत बसूनच दिसतात.

दर्यावर्दी

लेख आवडला, पण मुद्दा तितकासा पटला नाही. मुंबईहून तिकीट, व्हिसा, विमा, गाडीचं भाडं हे सगळं धरलं तर खर्च केवढा होतो! आपल्यापैकी किती जणांना दुसऱ्यांदा जायला मिळणार? आम्ही पूर्ण वेढा मारला आणि मला त्याचा आनंदच आहे. मोहरचे कडे गर्दीतसुद्धा थक्क करतात, २१४ मीटर सरळ खाली समुद्र. उत्तरेला जायंट्स कॉजवेचे चाळीस हजारांच्या आसपास बेसॉल्टचे खांब आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब बघत वाढलेल्या माणसाने तर तो बघायलाच हवा. पोर्टमगीच्या पुलावरून व्हॅलेन्शिया बेटावर गेलो. १८६६ मध्ये युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी कायम टिकलेली पहिली तार तिथून समुद्रात सोडली. हे सगळं एका सुट्टीत झालं. हळू फिरलो असतो तर यातलं निम्मं राहिलं असतं.

आडवाट

दर्यावर्दी, खर्चाचा मुद्दा खराच आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण त्याच खर्चाच्या हिशोबाने मी उलट्या निष्कर्षाला आले. पाच तास गाडीत घालवून एका कड्यावर पाऊण तास मिळणार असेल तर पैसे गाडीतल्या तासांचे जातात. व्हॅलेन्शिया आम्हीही केलं, त्याला अख्खा दिवस दिला. तिथल्या स्केलिग रिंगच्या रस्त्यावर मोठ्या टूर बस जात नाहीत, म्हणून तो भाग शांत मिळाला. कॉजवे बघायचाच असेल तर बेलफास्टला उतरून फक्त अँट्रिमचा किनारा करावा, तीही छान संथ सहल होईल. दक्षिणेच्या सहलीला तो जोडू नये, एवढंच माझं म्हणणं.

लीकाठची

कॉर्कमध्ये बरीच वर्षं राहते आहे. गाडीबद्दल लिहिते, कारण इथे येणारे पाहुणे तिथेच अडखळतात.

गाडी डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे भारतासारखंच. हा मोठा फायदा. पाहुणे म्हणून आलेल्यांना भारतातलं वैध लायसन्स चालतं. पण भाड्याच्या गाडीवाले बरेचदा आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, तो निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या. ऑटोमॅटिक गाडी हवी तर आधीच सांगा, महाग पडते आणि सहज मिळत नाही. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. डिपॉझिटची रक्कम त्यावर अडकते, तेव्हा मर्यादा बघून या. विम्याचा कागद नीट वाचा. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बरेचदा मूळ विम्यात नसतो, आणि अरुंद रस्त्यांवर नेमकं तिथेच लागतं. गाडी शक्य तितकी छोटी घ्या. मोठ्या गाडीचा आरसा कुंपणाला घासतोच.

फेब्रुवारी २०२५ पासून स्थानिक रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० वर आणली आहे. ६० तरी कुठे जाता येतं म्हणा. मोबाइल एक तास म्हणाला की दीड धरा. डब्लिनभोवतीच्या एम ५० वर टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरावे लागतात. भाड्याच्या गाडीचा टोल कोण भरणार हे गाडी घेतानाच विचारा. खरं तर कॉर्क किंवा शॅननला उतरलात तर डब्लिनचा प्रश्नच येत नाही.

गावाबाहेरच्या घरांना नंबर नसतात. २०१५ पासून प्रत्येक पत्त्याला स्वतःचा सात अक्षरांचा एअरकोड आहे. तो मालकाकडून मागून घ्या आणि नकाशात टाका, थेट दारात पोचाल.

केरीतल्या डिंगल गावाच्या पुढे गेलात तर स्ली हेडचा वळसा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घ्या, सगळे तसेच जातात. तो आयरिश बोलणारा भाग आहे, पाट्यांवर बहुतेक ठिकाणी फक्त आयरिश नावं असतात. मुक्कामाच्या गावाचं आयरिश नाव आधी लिहून ठेवा. समोर दिसणाऱ्या ब्लास्केट बेटावरची शेवटची माणसं १९५३ मध्ये सरकारने मुख्य भूमीवर आणली. डनक्विनच्या धक्क्यावरून त्यांची छप्परं गेलेली घरं दिसतात.

आणि चालवणाऱ्याने पबमध्ये एकही ग्लास घेऊ नये. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, कुठेही थांबवून तपासतात.

तळकोकणी

वराडचा उल्लेख कसा कुणी केला नाही! लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, आमच्यापासून जवळच. ते २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा तालुकाभर तोच विषय होता. २०१९ च्या डिसेंबरात गावी येऊनही गेले. माझा भाऊ क्लेअरमध्ये एका घरी राहिला होता. कोकणातला म्हणताच मालकीणबाईंनी वराडकरांचं नाव काढलं आणि मग नकाशा मांडून बसल्या, वराड कुठे, तुमचं घर कुठे, समुद्र किती लांब. जाताना घरच्या रुबार्बच्या जॅमची बाटली हातात दिली. बी अँड बीत राहिल्याशिवाय हे घडत नाही.

पश्चिमवारा

धागाकर्तीने बोलावलंच आहे तर लिहितो. गॉलवेत नोकरीला आहे, सुट्टीला बरेन आणि कॉनेमारा पायाखाली.

बरेन पहिल्यांदा बघितला की उजाड वाटतो. करड्या चुनखडीच्या फरशा मैलोन्‌मैल. पण मे महिन्यात गाडी थांबवून खाली बघा. त्या भेगांमधून निळंशार जेन्शियन फुललेलं असतं. ध्रुवाकडची फुलं आणि भूमध्य समुद्राकडची फुलं एका हातावर इथे उगवतात. हे टिकलंय ते इथल्या गुराख्यांमुळे. सगळीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, बरेनमध्ये उलट, हिवाळ्यात वर चढवतात. चुनखडी उन्हाळाभराची ऊब धरून ठेवते, जमीन कोरडी राहते, पाण्यात चुना असतो. गुरं हिवाळाभर जाडंभरडं गवत खाऊन टाकतात, म्हणून वसंतात फुलांना उजेड मिळतो. मध्यंतरी काही ठिकाणी चराई बंद पडली तेव्हा झुडपं माजली आणि फुलं हटली. आता शेतकऱ्यांना या चराईसाठीच मोबदला दिला जातो. ऑक्टोबरअखेर आलात तर गुरं वर नेण्याचा सोहळा बघायला मिळेल.

पूलनाब्रोनचं पाच हजारांहून अधिक वर्षं जुनं दगडी थडगं रस्त्यालगतच आहे, फारसं चालावं लागत नाही. शमा, तुमच्या बाबांना जमेल. वाटेत एखादं तळं दिसलं आणि पुढच्या खेपेला तिथे कुरण दिसलं तर चक्रावू नका. पावसानंतर जमिनीखालून पाणी वर येतं आणि पुन्हा खालीच मुरतं, अशी तळी इथे बरीच आहेत.

कॉनेमारात क्लिफडनजवळ बॅलिनाहिंचचा वाडा आहे. नवानगरचे जामसाहेब, म्हणजे क्रिकेटवाले रणजितसिंहजी, यांनी तो १९२४ मध्ये विकत घेतला आणि मृत्यूपर्यंत बरेच उन्हाळे तिथे काढले. आता हॉटेल आहे.

पण मला खरं सांगायचंय ते डूलॉखबद्दल. लीनानहून किलरीच्या खाडीला वळसा घालून आर ३३५ हा रस्ता लुईसबर्गला जातो. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मध्ये काळं तळं, घर जवळपास नाहीच. त्याच दुष्काळात, मार्च १८४९ मध्ये, लुईसबर्गला मदतीसाठी जमलेल्या शेकडो भुकेल्या माणसांना सांगितलं गेलं की तपासणीसाठी सकाळी डेल्फीच्या शिकारघरी हजर व्हा, नाहीतर मदत बंद. जवळजवळ वीस किलोमीटर. माणसं रात्री, थंडीत, अंगावर धड कपडे नसताना चालत निघाली. तिथे त्यांना काही मिळालं नाही. परत जाताना याच रस्त्यावर कित्येक जण मेले. त्या जागी आता दगडी क्रूस आहे, आणि त्यावर गांधीजींचं वचन कोरलंय. आपल्याच सोबत्यांची मानहानी करून माणसांना स्वतःचा सन्मान झाल्यासारखं वाटतं तरी कसं, अशा अर्थाचं. दरवर्षी या वाटेने लोक आठवण म्हणून चालत जातात.

फोटो काढायला सगळे त्या तळ्याशी थांबतात, कारण जागा अतिशय सुंदर आहे. थांबाच. पण क्रूसापाशीही उतरा.

उंबरठा

मी आयर्लंडला गेलेली नाही, जायचा बेतही नाही. वाचायला म्हणून धागा उघडला आणि हीली पास आणि डूलॉखपाशी अडकले. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यात खडी फोडायच्या कामावर होती. सुकडी मिळायची ती आणून मुलांना द्यायची. ज्या रस्त्यासाठी खडी फोडली त्याच रस्त्याने आता आमची एसटी जाते. आजी त्या वळणावर दरवेळी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, हे आमच्या हातचं. तुमच्या त्या घाटाबद्दल तिथल्या लोकांच्या घरांतही असं कुणी सांगत असेल का?

पश्चिमवारा

उंबरठा, सांगतात. आमच्या शेजारच्या आजोबांनी मला डोंगरउतारावरचे लांब लांब उंचवटे दाखवले. गवताखाली अजून दिसतात, विशेषतः ऊन तिरपं असताना. ते बटाट्याचे वाफे. १८४५ पासून सलग काही वर्षं पीक करप्याने गेलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. पुढे ते वाफे पुन्हा कुणी लावलेच नाहीत. आजोबा म्हणाले, ही जमीन आमचीच होती, वर राहणारं कुटुंब गेलं ते गेलंच. त्यांना त्या कुटुंबाचं नावही माहीत होतं.

तुमच्या आजीचं वाचून फार बरं वाटलं. त्या रस्त्याबद्दल वेगळं लिहाल का इथे?

लीकाठची

या निमित्ताने आणखी एक. कॉर्कच्या पूर्वेला मिडलटनमध्ये गोलाकार उभ्या केलेल्या नऊ पोलादी पिसांचं शिल्प आहे. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांनी इथल्या दुष्काळासाठी १७० डॉलर जमवून पाठवले, त्याची ही कृतज्ञता. त्या लोकांना स्वतःची भूमी सोडायला लावून तेव्हा जेमतेम पंधरासोळा वर्षं झाली होती. शिल्प बागेत आहे, बघायला तिकीट नाही.

झुळूक

व्हिसाचं कुणी सांगेल का? माझ्याकडे शेंगेनचा आहे, चालेल?

दर्यावर्दी

झुळूक, नाही चालणार. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. भारतीय पासपोर्टवर वेगळा आयरिश व्हिसा लागतो. भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची एक संयुक्त योजना आहे. त्या योजनेचा शेरा असलेला व्हिसा असेल तर दोन्हीकडे चालतो, मात्र ज्या देशाने दिला तिथे आधी उतरायचं. नियम बदलत असतात, अर्जाआधी सरकारी संकेतस्थळ बघाच. आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेवर चौकी नाही, कुणी अडवत नाही, म्हणून ब्रिटनच्या परवानगीशिवाय गाडी तशीच पलीकडे नेऊ नका. तिथे वेगमर्यादेच्या पाट्या मैलांत असतात आणि पैसे पौंडांत.

आणि आडवाट, तुमचं उत्तर पुन्हा वाचलं. पुढच्या वेळी बायकोला घेऊन फक्त बेअरा आणि शीप्स हेड करायचं ठरवलंय. अहाकिस्टाच्या अगदी जवळून आम्ही गेलो होतो, आणि ते तिथे आहे हे माहीतच नव्हतं.

दोनपिल्लं

मुलं सहा आणि नऊ वर्षांची. संगीत ऐकायला पबमध्ये नेता येतं का? गाडीत बूस्टर सीट लागेल?

पश्चिमवारा

आईवडिलांबरोबर मुलं रात्री नऊपर्यंत पबमध्ये बसू शकतात, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. पण वाजवणारे बरेचदा साडेनऊनंतर बसतात, तेव्हा लवकरची बैठक कुठे आहे ते गावात विचारा. डूलिनमध्ये मिळून जाते. वाजवणाऱ्यांच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या त्यांच्यासाठीच असतात, तिथे मुलांना बसवू नका. कुणी एकटं गाणं म्हणायला लागलं की सगळा पब गप्प होतो. मुलांना तेवढं आधी सांगून ठेवा. ऐकतात, आणि त्यांना ते फार आवडतं.

१५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना सीट कायद्याने लागते, दोघांनाही लागेल. गाडीबरोबरच आरक्षित करा.

शमा

सगळ्यांचे आभार. ठरलं आमचं. कॉर्कला उतरणार, केनमेअरला तळमजल्याचं कॉटेज, मग बॅलीव्हॉन, आणि शॅननहून परत. मोहर एका संध्याकाळी, जमलं तर. आईला यादी वाचून दाखवली, ती म्हणाली अहाकिस्टाला पहिल्यांदा जाऊ. महिनाअखेर निघून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहायचा विचार आहे. चालेल ना?

लीकाठची

शमा, हवामानाच्या दृष्टीने उत्तम. एकच गोष्ट : जूनचा पहिला सोमवार इथे सार्वजनिक सुट्टीचा. त्या शनिवार-रविवारी अर्धं कॉर्क आणि डब्लिन केरीकडे धावतं, तेव्हा त्या दोन रात्रींच्या खोल्या आत्ताच घेऊन ठेवा. त्या दिवसांत बॅलीव्हॉनला असलात तर बरं, केनमेअर फार गजबजतं. अहाकिस्टाला जाताना डरस गावात थांबून तिथलं चीज घ्या. बाबांसाठी तिथून पुढचा रस्ता सबंध खाडीच्या काठाने आहे, खिडकी डावीकडची द्या.